ग्वानाह्वातोत किहोतेचं घर कसं झालं

ठाण्यात तलावपाळीच्या काठावर उभं आहे ते गडकरी रंगायतन. नाव नाटककाराचं. 'एकच प्याला'तल्या नायकावरून 'सुधाकर रंगायतन' असं नाव ठेवावं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. आपल्याकडे स्मारकं लेखकाची होतात. पात्राचा पुतळा म्हटलं की वरळी सी फेसवरचा लक्ष्मणांचा कॉमन मॅन आठवतो, आणि यादी बहुधा तिथेच संपते. त्यामुळे आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर एका काकांनी मेक्सिकोला लेकीकडे जाण्याचा बेत सांगितला आणि त्यात 'किहोतेचं म्युझियम' असं एक ठिकाण निघालं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अगदी ठाणेकरी: "अहो, जो माणूस जन्मालाच आला नाही, त्याच्या वस्तू आणल्या कुठून?"

वस्तू नाहीतच. त्या म्युझियममध्ये चित्रं आहेत, शिल्पं आहेत, आणि त्या सगळ्यांचा विषय एकच माणूस, डॉन किहोते. आपण इंग्रजीच्या वाटेने त्याला क्विक्झोट म्हणत आलो. मध्य मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो या जुन्या चांदीच्या गावात हे म्युझियम १९८७ साली उघडलं. स्पॅनिश कादंबरीतल्या माणसाला मेक्सिकोत घर का मिळालं, हे सांगायचं तर गोष्ट बरीच मागून सुरू करावी लागते.

पुस्तक सर्व्हांतेसचं. पहिला भाग १६०५चा, दुसरा १६१५चा. ला मांचा नावाच्या रखरखीत मुलखातला पन्नाशीला टेकलेला एक साधा जमीनदार शूरवीरांच्या पोथ्या वाचून वाचून डोकं बिघडवून घेतो, आजोबा-पणजोबांच्या काळचं गंजकं चिलखत घासूनपुसून अंगावर चढवतो आणि जगातला अन्याय निपटायला मरतुकड्या घोड्यावरून निघतो. सोबत सांचो पांझा, बेटाचं राज्य मिळेल या आशेवर गाढवावर बसलेला शेजारचा शेतकरी. पवनचक्क्यांवर चाल करून जाण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात दोन-तीन पानांत आटोपतो. तीस-चाळीस पवनचक्क्या, एक भाला, एक आपटी. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलेल्यांना पात्यांची ती घरघर माहीत असेल. फक्त तिथे त्यांच्याशी भांडायला कुणी जात नाही.

सर्व्हांतेस स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही, पण जायची धडपड त्याने केली होती. १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा जायबंदी झाला. पुढे समुद्री चाच्यांनी पकडून त्याला अल्जियर्सला नेलं, तिथे पाच वर्षं कैद. सुटून आला तर सरकारदरबारी किंमत शून्य. १५९० साली त्याने राजाकडे अर्ज केला की अमेरिकेत रिकाम्या असलेल्या जागांपैकी एखादी मला द्या. त्यातली एक जागा होती सोकोनुस्कोच्या गव्हर्नरची, आणि हा सोकोनुस्को आजच्या मेक्सिकोच्या चियापास राज्यात येतो. अर्जावर शेरा पडला: इकडेच काहीतरी बघा. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही या शेऱ्याचा सूर ओळखीचा वाटेल. नोकरी मिळाली असती तर हा मनुष्य कोकोच्या बागांचे हिशेब तपासत बसला असता आणि पुस्तक कदाचित राहूनच गेलं असतं.

माणूस गेला नाही, पुस्तक मात्र लगेच गेलं. असल्या कल्पित कथा अमेरिकेतल्या वसाहतींत नेऊ नयेत असा राजाचा हुकूम १५३१पासून होता, पण तो पाळायचा कुणी? १६०५ सालीच पहिल्या आवृत्तीच्या शेकडो प्रती जहाजांतून रवाना झाल्या. १६०७ साली पेरूतल्या पाउसा नावाच्या खाणगावात सोंगांच्या मिरवणुकीत किहोतेचं सोंग निघालं. १६२१ साली मेक्सिको शहरात चांदीकारागिरांनी काढलेल्या मिरवणुकीतही तो सांचोसकट हजर होता. पुस्तक न वाचलेल्या माणसांनाही तो दिसण्यावरून ओळखू येत होता. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

विठ्ठल जसा कमरेवरच्या हातांनी दोन रेघांत ओळखू येतो, तसा हाही येतो. एक उभी रेघ, एक तिरका भाला, खाली हाडकुळा घोडा, बाजूला गाढवावर एक गोल. लेखकाने वर्णन फार थोडं दिलंय: सडपातळ बांधा, वाळलेला चेहरा, एवढंच. बाकीचं चित्रकारांनी भरलं.

उदाहरणार्थ त्याचं ते शिरस्त्राण. पहिल्या भागात एक न्हावी पावसात चाललेला असतो. नवी टोपी भिजू नये म्हणून त्याने दाढीचं पितळी तसराळं डोक्यावर पालथं घातलेलं. किहोतेला ते मांब्रिनो राजाचं सोन्याचं शिरस्त्राण वाटतं आणि तो ते हिसकावून घेतो. त्या काळच्या अशा तसराळ्याच्या काठाला अर्धगोल खाच असायची. गिऱ्हाइकाने मान त्या खाचेत टेकवायची आणि भांडं हनुवटीखाली धरायचं, म्हणजे फेसाचं पाणी अंगावर सांडत नाही. चित्रात किहोतेच्या डोक्यावर पसरट टोपीसारखं काही दिसलं, तर आधी ती खाच शोधावी. ती चोख काढलेली असली तर चित्रकाराने पुस्तक वाचलंय असं समजायला हरकत नाही. नसली तर बहुधा दुसऱ्याचं चित्र पाहून काढलंय.

पहिल्या वाचकांना हे सगळं निव्वळ विनोदी वाटत होतं. राजा तिसऱ्या फेलिपेने नदीकाठी पुस्तक वाचता वाचता गडाबडा हसणारा एक विद्यार्थी पाहिला आणि म्हणाला, हा एक तर वेडा आहे किंवा किहोते वाचतोय, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकात कोय्पेल या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या गोबलँ विणकारखान्यातल्या भिंतपडद्यांसाठी २८ प्रसंग रंगवले, तेही राजवाड्यातल्या करमणुकीसारखे, नटवे आणि हसरे. मग जर्मन रोमँटिक लेखकांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांना तो ध्येयवेडा आणि जगाने दुखावलेला दिसला. १८६३ साली गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आली. जुन्या खुर्चीत बसलेला किहोते, हातात तलवार, आणि भोवती हवेत राक्षस, राजकन्या, सरदारांची गर्दी. याच सुमारास दोमिए या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने त्याला जवळजवळ चेहराच ठेवला नाही, उजाड माळावर नुसती आकृती. १९५५ साली पिकासोने एका फ्रेंच साप्ताहिकासाठी शाईच्या काही फटकाऱ्यांत तो काढला. आज टी-शर्टावर आणि कपावर दिसतो तो हाच. अडीचशे-तीनशे वर्षांत हसण्याचा विषय डोळ्यांत पाणी आणणारा होऊन बसला. माझ्या मते ग्वानाह्वातोचं म्युझियम या दुसऱ्या किहोतेचं आहे. त्याचं कारण १९३९ सालातल्या एका वाळूच्या किनाऱ्यावर सापडतं.

स्पेनच्या यादवीत रिपब्लिकन सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोची सरशी झाली आणि १९३९च्या सुरुवातीला सुमारे पाच लाख माणसं थंडीवाऱ्यात सीमा ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. फ्रान्सने त्यांचं स्वागत काटेरी तारांनी केलं. आर्जेलेसच्या किनाऱ्यावर छावणी उभारली म्हणतात, पण सुरुवातीला तिथे उभारलेलं असं काही नव्हतंच. समोर समुद्र, मागे तार, मध्ये वाळू. माणसं वाळूत खड्डे करून निजत. हरलेल्या रिपब्लिकन फौजेतला एउलालियो फेरेर नावाचा सांतांदेरचा एक पोरगेला कॅप्टन तिथे होता, वय विशीच्या आतलं. त्याच्याकडे सिगारेटचं एक पाकीट होतं, आणि तो स्वतः ओढत नव्हता. एका सैनिकाला तंबाखूची तलफ आलेली. बदल्यात द्यायला त्याच्याजवळ होतं एक पुस्तक. अदलाबदल झाली. पुस्तक किहोतेचं निघालं. फेरेरने छावणीत ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुढे जन्मभर ही गोष्ट सांगितली.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत सर्व्हांतेस म्हणतो की हे तुरुंगात जन्मल्यासारखं पुस्तक आहे. काटेरी तारेआड बसून, देश गेलेला असताना वाचणाऱ्या पोराला त्यातल्या प्रत्येक आपटीवर हसू आलं असेल का? मला नाही वाटत.

मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी तेव्हा या निर्वासितांना दार उघडलं. वीस हजारांहून जास्त स्पॅनिश माणसं मेक्सिकोत आली. त्यात प्राध्यापक होते, छापखानेवाले होते, कवी होते. फेरेर १९४० साली सहकुटुंब पोचला. पुढे तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला आणि मेक्सिकोतला बडा जाहिरातवाला झाला. मला या गोष्टीतला सगळ्यात मजेचा भाग हा वाटतो. एखादी आकृती लोकांच्या डोक्यात कशी बसते, हे ज्याच्या पोटापाण्याचं काम, त्याच माणसाच्या हाती जगातली सगळ्यात ओळखीची साहित्यिक आकृती लागली. पैसा आला तसा तो किहोते जमवत गेला. चित्रं, पुतळे, मातीची भांडी, जे मिळेल ते. चित्रकार मित्रांकडून काढूनही घेतले.

संग्रह मेक्सिको शहरात न राहता ग्वानाह्वातोला का गेला, याचं उत्तर एका नाट्यवेड्या शिक्षकात आहे. एन्रिके रुएलास यांनी १९५३ साली विद्यापीठातल्या मुलांना घेऊन सान रोके नावाच्या छोट्या चौकात सर्व्हांतेसची प्रहसनं उघड्यावर बसवली. मागे चर्चची भिंत, खाली फरसबंदी. वेगळं नेपथ्य लागलंच नाही. आपल्या एकांकिका स्पर्धांतून वर आलेल्या कुणालाही त्या मंडळींची झिंग कळेल. प्रयोग वर्षानुवर्षं चालले आणि त्यातून १९७२ साली आंतरराष्ट्रीय सर्व्हांतिनो महोत्सव उभा राहिला. दर ऑक्टोबरला भरतो. २०१८ साली तिथे भारत पाहुणा देश होता. ज्या गावात सर्व्हांतेसने पाऊल टाकलं नाही ते असं त्याचं गाव झालं, आणि फेरेरने आपला संग्रह तिथे देऊन टाकला.

६ नोव्हेंबर १९८७ला उद्घाटन झालं. मेक्सिकोचे अध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद आणि स्पेनचे पंतप्रधान फेलिपे गोन्सालेस दोघेही हजर होते. फ्रँकोच्या राजवटीला मेक्सिकोने कधीच मान्यता दिली नाही. दोन देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे दहाच वर्षांनी, पळून आलेल्या एका कॅप्टनच्या चित्रसंग्रहाची फीत कापायला लोकशाही स्पेनचा पंतप्रधान अटलांटिक ओलांडून आला. पुढच्या वर्षी, १९८८ला, गाव आणि आसपासच्या खाणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. फेरेर २००९ साली वारला.

आत दाली आहे, पिकासो आहे, पेद्रो कोरोनेलसारखे मेक्सिकोचे चित्रकार आहेत. मेक्सिकोने त्याला किती आपलंसं केलं ते पाहायचं तर पोसादाच्या नावावरचं सांगाड्याचं चित्र आठवावं. होसे ग्वादालुपे पोसादा हा वर्तमानपत्रांतून आणि स्वस्त पत्रकांतून सांगाड्यांची चित्रं काढणारा कारागीर, तरुणपणी याच राज्यातल्या लेओन गावात छापखान्यात होता. त्या चित्रात किहोते हाडांचा आणि घोडाही हाडांचा, भाला रोखून सुसाट निघालेला, आणि आजूबाजूला कवट्या उधळलेल्या. त्यात कारुण्याचा मागमूस नाही. उलट सांगाडा मजेत दिसतो.

माझी एक कुरकुर आहे. फेरेरच्या पिढीने हरलेला, खिन्न, आकाशाकडे पाहणारा किहोते उचलून धरला, ते समजण्यासारखं आहे. पण त्यात पुस्तकातला विनोद मागे पडतो आणि सांचो तर नुसता गोल होऊन राहतो. दुसऱ्या भागात या अडाणी माणसाला खरंच बेटाचा कारभार मिळतो, आणि तो नेकीने आणि शहाणपणाने न्याय करतो. त्यामुळे काकांना सांगितलंय, दालनांत फिरताना सांचो शोधा. चित्रकार सांचोला कसा वागवतो त्यावरून बरंच काही कळतं.

आपल्या बाजूचाही एक धागा आहे. बॉस्टनच्या कार्ल केलर या ग्रंथसंग्राहकाच्या हौसेखातर १९३०च्या दशकात जगद्धर जाडू आणि नित्यानंद शास्त्री या काश्मिरी पंडितांनी किहोतेची काही प्रकरणं संस्कृतात आणली. मध्यस्थी पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनची. पंडितांना स्पॅनिश येत नव्हतं, त्यांनी अठराव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरावरून काम केलं. ते हस्तलिखित केलरच्या संग्रहाबरोबर हार्वर्डला गेलं, बरीच वर्षं पडून राहिलं, आणि २०१९ साली छापलं गेलं ते पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाकडून. कट्ट्यावरच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिका तेव्हापासून ती प्रत कुठे मिळेल या विचारात आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गाव सुमारे २००० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही वर. त्यात गल्ल्या सगळ्या चढउताराच्या आणि दगडी. म्युझियम गावाच्या मधोमध, सान फ्रान्सिस्को चर्चला लागून आहे, त्यामुळे ते सकाळी दम असताना आधी उरकावं. मेक्सिकोचा भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा याचं जन्मघर गावातच आहे, ते दुपारी. ऑक्टोबरात महोत्सवाची झुंबड असते, तेव्हा जायचं तर खोली लेकीला आत्ताच बघायला सांगावी.