हजार जणांना विचारून कोट्यवधींचं काय कळणार?

‘एवढ्या कोटी लोकांचा देश आणि विचारलं फक्त हजार जणांना, म्हणजे सर्वेक्षण खोटं!’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शंका स्वाभाविक आहे, पण शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. पातेलं मोठं म्हणून जास्त शितं दाबून बघत नाही.

नमुन्यातली, म्हणजे विचारायला निवडलेल्या माणसांवरून काढलेल्या अंदाजातली चूक ठरते ती मुख्यतः नमुन्याच्या आकारावर, म्हणजे किती जणांना विचारलं यावर. लोकसंख्या दहा लाख असो की दहा कोटी, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १००० जणांच्या आणि सगळ्या लोकसंख्येच्या टक्केवारीत २० पैकी १९ वेळा फरक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहतो. तो निम्मा करायचा तर ४००० जण लागतात.

घरी करून बघा. तीन वाट्या पांढरे आणि एक वाटी हिरवे वाटाणे, साधारण एकाच आकाराचे, नीट कालवा. डोळे मिटून १०० दाणे काढा. हिरवे बहुधा १७ ते ३३ निघतील. आता वाटाणे तिप्पट करून मोठ्या पातेल्यात कालवा, दाणे मात्र १००च काढा. अंदाज तितकाच जवळ येतो.

आता हिरव्यांवर पांढरे नुसते ओता आणि न कालवता फक्त वरचेच दाणे उचला. अंदाज साफ चुकतो! म्हणून विचारायचं असेल तर हे विचारा: माणसं निवडली कशी? स्वतःहून उत्तर देणारे लाखभर असले तरी ते वरचेच दाणे.

कारखान्यातले गुणवत्ता तपासनीस रोज याच हिशेबाने माल तपासतात. त्यांच्यापैकी एकाला नववीच्या वर्गात बोलवावं, सोबत पेटीभर नट-बोल्ट घेऊन. मुलांना स्वतः मोजू द्यावं.