रात्री बॅटरी चार्ज केली की बिल निम्मं?

‘रात्रीची वीज स्वस्त असते. इन्व्हर्टरची बॅटरी रात्री भरा, दिवसा वापरा, बिल निम्मं होईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काही देशांत घरगुती रात्रीचा दर खरंच कमी असतो, त्यामुळे तो पटण्यासारखाही आहे.

आपल्याकडे मात्र घरगुती बिल बहुधा स्लॅबवर चालतं: महिन्याचे एकूण युनिट मोजले जातात, घड्याळ नाही. जिथे वेळेनुसार दर आहेत, तिथेही सवलत सहसा सौरऊर्जेच्या, म्हणजे दिवसाच्या तासांत असते. रात्री नाही!

दुसरी गोष्ट गळतीची. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत 100 युनिट भरले तर इन्व्हर्टरमधून साधारण 70 परत मिळतात; बाकीची उष्णता होते. समजा 20 टक्के सवलत मिळालीच, तरी 80 युनिटांचे पैसे देऊन 70 वापरले. लिथियममध्ये गळती बरीच कमी, पण बॅटरीची किंमत वसूल व्हायला हवी ना.

पडताळायचं तर बिलावरचा दरतक्ता पाहा. तासांचे रकाने नसतील, तर विषय तिथेच संपला. असतील, तर सवलत कोणत्या तासांत आहे ते बघा. वीज गेल्यावर पंखा फिरावा म्हणून घेतलेला इन्व्हर्टर ते काम चोख करतो.