पाळलेला मारेकरी ढेकूण चावतो तेव्हा

काळ्या कुळकुळीत अंगावर दोन पांढरे ठिपके, पायांवर पिवळे पट्टे, लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास आणि डोक्याखाली घडी घालून ठेवलेली बाकदार सोंड. आफ्रिकेतला हा कीटक डब्यात पाळणारे हौशी लोक आता अनेक देशांत आहेत. डब्यात झुरळ सोडलं की तो थोडा वेळ निश्चल बसून राहतो. झुरळ टप्प्यात आलं की झडप घालतो, पुढच्या पायांनी ते आवळतो आणि सोंड एखाद्या मऊ सांध्यात खुपसतो. काही सेकंदांत झुरळाची धडपड थंडावते. हे ज्याने जवळून पाहिलं त्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्या झुरळाच्या जागी माझं बोट असतं तर?

याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. झुरळाला जे विष मिळालं, ते बोटाला बहुधा मिळणारच नाही. बोटासाठी त्याच्याकडे वेगळं विष असण्याची शक्यता आहे.

आधी या प्राण्याची थोडी ओळख. त्याचं शास्त्रीय नाव प्लॅटिमेरिस बायगुटाटस. तो ज्या कुळातला आहे त्याला रेड्युव्हिइडी म्हणतात आणि त्यात सुमारे ७,००० जाती आहेत. इंग्रजीत त्यांना सरसकट अ‍ॅसॅसिन बग म्हणतात, आपण मारेकरी ढेकूण म्हणू. खाटेतला ढेकूण, पिकावरचा मावा आणि तुडतुडे हे सगळे याच्याच गणातले, म्हणजे सोंडेने रस शोषून जगणारे. फरक इतकाच की मावा झाडाचा रस पितो आणि मारेकरी ढेकूण दुसऱ्या कीटकांचा.

‘चावतो’ हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण याला चावायला जबडा नाही. वरून दिसणारी सोंड हे नुसतं म्यान आहे. आत चार बारीक सुया असतात. बाहेरच्या दोन सुयांनी भोक पाडून पकड घ्यायची आणि आतल्या दोन एकमेकींत अडकून तयार झालेल्या नळीतून पुढचं काम करायचं. या नळीत दोन वाटा असतात. एका वाटेने लाळ भक्ष्याच्या अंगात जाते, दुसरीने पातळ झालेलं अन्न वर येतं. लाळेतली विकरं झुरळाच्या आतल्या मांसाचं अक्षरशः सूप करतात आणि ते शोषलं की मागे उरतं ते रिकामं कवच.

ही लाळ म्हणजेच विष. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या अँड्र्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच एका मारेकरी ढेकणावर, प्रिस्थेसँकस प्लॅगिपेनिसवर, केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्याच्या विषग्रंथीचे पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे असतात, हे आधीपासून ठाऊक होतं. या संशोधकांना दिसलं की दोन्ही कप्प्यांत वेगवेगळं विष भरलेलं आहे. मागच्या कप्प्यातलं विष कीटकांना लुळं करून मारतं. पुढच्या कप्प्यातल्या विषाने मात्र कीटक लुळे पडत नाहीत. मग ते कशासाठी? ढेकणाला डिवचलं, त्रास दिला, की बाहेर येतं ते हे पुढच्या कप्प्यातलं विष. शिकारीसाठी एक आणि जिवावर बेतलं की दुसरं, अशी ही विभागणी आहे.

हे संशोधन एका जातीवरचं आहे, त्यामुळे सगळ्या ७,००० जातींना ते जसंच्या तसं लावणं घाईचं होईल. पण पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्यातला अर्थ मोलाचा आहे. मारेकरी ढेकूण माणसाला भूक लागली म्हणून चावत नाही. आपण त्याचं अन्नच नाही. तो चावतो तेव्हा त्याला वाटत असतं की एखादा पक्षी किंवा सरडा आपल्याला गिळायला आला आहे, आणि त्या सरड्याने तोंड उघडून आपल्याला सोडावं एवढंच त्याला हवं असतं. वेदना हाच त्या विषाचा हेतू असावा, आणि ती तत्काळ व्हायला हवी. सरड्याला तासाभराने दुखून ढेकणाला काय उपयोग?

म्हणूनच हा दंश इतका दुखतो. ज्यांना तो झाला आहे त्यांतले बरेच जण गांधीलमाशीपेक्षा जास्त दुखल्याचं सांगतात. टोचताक्षणी जळजळीत कळ येते, ती हातात वर चढल्यासारखी वाटते, मग ती जागा लाल होते आणि सुजते. काहींना तिथे बधिरपणा जाणवतो. आफ्रिकेतल्या याच गटातल्या ढेकणांच्या लाळेत प्रथिनं तोडणारी विकरं, पेशींचं आवरण फोडणारं फॉस्फोलायपेज आणि पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ विरघळवणारं हायल्युरोनिडेज सापडलं आहे. या तिसऱ्यामुळे बाकीच्या घटकांना ऊतींमध्ये पसरायला वाट मिळते. दंशाची जागा पुढे काही दिवस दुखरी राहिली, तिथली थोडी कातडी मेली, तरी त्यात आश्चर्य नाही. पण निरोगी माणसाच्या बाबतीत प्रकरण साधारणपणे त्या जागेपुरतंच राहतं.

साधारणपणे, नेहमीच नाही. विष हे प्रथिनांचं मिश्रण आहे आणि कोणत्याही परक्या प्रथिनाची काही माणसांना तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वास घेताना घरघर, चक्कर, उलट्या यांपैकी काही दिसलं तर बर्फ लावत घरी बसायचं नाही, थेट तातडीच्या उपचारांसाठी दवाखाना गाठायचा. या दंशावर प्रतिविष नाही, उपचार अ‍ॅलर्जीवर आणि लक्षणांवर होतात. ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाने पूर्वी असा त्रास झाला आहे, त्यांनी हा छंद लावून घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, असं मी आग्रहाने सांगेन. ज्या घरात डबा लहान मुलांच्या हाताला लागेल तिथेही हा कीटक नसावा.

हाताबद्दल एवढं पुरे. मला खरी काळजी वाटते ती डोळ्यांची.

प्लॅटिमेरिसचे ढेकूण विष टोचतात तसं ते थुंकतातही. कीटकशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड्स यांनी १९६१ साली प्लॅटिमेरिस ऱ्हाडामँथसच्या लाळेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पाळणाऱ्यांच्या डब्यांत पांढऱ्या ठिपकेवाल्याच्या बरोबरीने असतो तो हा लाल ठिपकेवाला. त्रास दिला की तो सोंड वळवून नेम धरतो आणि लाळेची पिचकारी ३० सेंटिमीटरपर्यंत उडवतो. थुंकणाऱ्या नागाची आठवण व्हावी अशीच ही तऱ्हा. धडधाकट कातडीवर पडलेल्या थेंबाने फारसं बिघडत नाही. डोळ्यात किंवा नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरावर तो पडला, तर मात्र तीव्र वेदना होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज येते.

आता आपण डबा कसा उघडतो ते आठवून पाहा. झाकण काढायचं आणि आत वाकून बघायचं. चेहरा किती अंतरावर येतो? ३० सेंटिमीटरपेक्षा जवळच. जाड हातमोजे घालून निर्धास्त झालेला माणूस नेमका याच जागी चुकतो. हातमोज्यांच्या आधी डोळे पूर्ण झाकणारा चष्मा हवा. प्रयोगशाळेत वापरतात तसा, बाजूंनीही बंद असलेला. एवढं करूनही डोळ्यात विष गेलंच तर चोळायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढायच्या, स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि बरं वाटलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. हाताला दंश झाला असेल तर साबण-पाण्याने जागा धुवावी, कापडात गुंडाळून बर्फ धरावा, अंगठी असेल तर सूज चढण्याआधी काढावी. चिरा देणं, तोंडाने विष ओढणं यांतलं काहीही करू नये.

ढेकूण चावल्याचं कळलं की पुष्कळ जणांच्या मनात लगेच आणखी एक भीती येते, ती चागास रोगाची. याच कुळाची एक शाखा रक्तावर जगते. त्यांना किसिंग बग म्हणतात, कारण झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते बऱ्याचदा टोचतात. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस चागास यांनी १९०९ साली या ढेकणांमधून पसरणाऱ्या परजीवीचा आणि रोगाचा शोध लावला. या रोगाची झळ मुख्यतः लॅटिन अमेरिकेत आहे आणि लागण झालेल्यांची संख्या सुमारे ७० लाखांच्या घरात धरली जाते. परजीवी येतो तो ढेकणाच्या विष्ठेतून. रक्त पिता पिता ढेकूण तिथेच विष्ठा टाकतो आणि आपण खाजवलं की ती जखमेत किंवा डोळ्यात जाते.

या शाखेचा दंश कसा असतो, याचं फार सुंदर वर्णन चार्ल्स डार्विनने करून ठेवलं आहे. मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातल्या लुहान या गावी रात्री हे काळे ढेकूण त्याच्या अंगावर चढले होते. पुढे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इकिके इथे पकडलेला एक ढेकूण टेबलावर ठेवला होता. तो अगदी रिकामा, चपटा होता. भोवती माणसं उभी असतानाही कोणी बोट पुढे केलं की तो सोंड काढून त्याच्यावर चाल करी आणि रक्त पिऊ लागे. दहा मिनिटांच्या आत तो फुगून गोल होई. डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या एकदाच प्यायलेल्या रक्तावर तो चार महिने गुबगुबीत राहिला. आणि दंशाने वेदना मुळीच होत नव्हती, हे डार्विनने आवर्जून नोंदवलं आहे.

वेदना होणं रक्त पिणाऱ्याला परवडणारंच नाही. त्याला कित्येक मिनिटं अंगावर बसून राहायचं असतं, माणूस जागा झाला तर चिरडून मरायची वेळ. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ आहेत. त्याच्या शिकारी चुलतभावाला मात्र माणसाने दचकून हात झटकावा असंच वाटत असतं. कुळ एक, सोंडेची रचना तीच, पण एकाला आपल्याला कळू द्यायचं नाही आणि दुसऱ्याला कळल्याशिवाय राहू द्यायचं नाही. त्यामुळे डब्यातल्या शिकारी ढेकणाने कळ येईल असा दंश केला, तर चागासच्या भीतीने रात्र जागवायची गरज नाही. हा गोंधळ जुनाच आहे. १८९९ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ‘किसिंग बग’च्या दंशांची मोठी आवई उठवली होती. कीटकतज्ज्ञ लीलँड हॉवर्ड यांनी तपास केला तेव्हा ज्या जातींवर संशय गेला त्यांत रेड्युव्हियस पर्सोनेटस होता. तोही शिकारीच, ज्याची पिल्लं अंगावर धूळ चिकटवून कोपऱ्यात लपतात आणि खाटेतले ढेकूण खातात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अंगणात सापडलेला अनोळखी ढेकूण दिसायला छान आहे, चावतही नाही, म्हणून उचलून आणू नये. न दुखणारा दंश ही या कुळात चांगली खूण नव्हे.

मग पाळताना दंश होतात कधी? बहुतेक वेळा ढेकूण दाबला गेला की. तो हातावर संथपणे चालतो, काही करत नाही, असं दाखवणारे व्हिडिओ पाहून लोकांचा धीर चेपतो. चालताना त्याला धोका वाटत नसतो, हे खरंच. पण तो बाहीत शिरला, दोन बोटांच्या मध्ये आला किंवा पडू नये म्हणून आपण त्याला पटकन पकडलं, की त्याच्यासाठी आपण सरडा होतो. म्हणून त्याला हातावर घेऊच नये. दुसरी वेळ डबा साफ करण्याची. मारेकरी ढेकूण प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि टाकलेली कात पाय-मिशांसकट हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. सालीच्या तुकड्याखाली बसलेल्या जिवंत ढेकणाला कात समजून उचलणं फार सोपं आहे. नुकतीच कात टाकलेला ढेकूण लालसर आणि मऊ असतो, त्याला तर धक्काही लावू नये. त्याचं बाहेरचं कवच अजून टणक व्हायचं असतं आणि थोड्या धक्क्यानेही ते कायमचं वाकडं होतं.

यासाठी सामान थोडंच लागतं. हातभर लांब चिमटा झुरळ देण्यासाठी आणि काती उचलण्यासाठी. त्याने ढेकूण कधीच पकडायचा नाही. ढेकूण हलवायचा असेल तर त्याच्यापुढे पारदर्शक पेला आडवा धरायचा आणि मऊ कुंचल्याने मागून हलकेच ढकलायचा. झाकण घट्ट बसणारं हवं, कारण अनेक जातींच्या पायांवर चिकट गादी असते आणि त्या गुळगुळीत भिंतीवरही चढतात.

आणि कान उघडे ठेवायचे. मारेकरी ढेकणाच्या छातीखाली आडव्या बारीक रेघांची एक खाच असते. तो अस्वस्थ झाला की सोंडेचं टोक त्या खाचेवर घासतो आणि कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी बारीक चिरचिर ऐकू येते. तेच टोक, जे पुढच्या क्षणी आपल्याकडे वळू शकतं. ती चिरचिर ऐकू आली की चिमटा बाजूला ठेवायचा, झाकण लावायचं आणि राहिलेलं काम संध्याकाळी करायचं.