एरंडेल, सोनामुखी आणि एक वायू

पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सोनामुखी, बाळहिरडा आजही पुडीत बांधून मिळतात. हिरडा तर जिल्ह्यातलाच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतही तो गोळा होतो. त्यानं पोट साफ होतं हे घरोघरी ठाऊक होतं. ते कसं होतं, याचा उलगडा मात्र तुकड्यातुकड्यानं झाला. सगळे आयुर्वेदिक रेचक, म्हणजे पोट साफ करणारी औषधं, नायट्रिक ऑक्साइड या एकाच वायूवर चालतात, असं म्हणता येईल का, ते पाहू.

सोनामुखीतले सेनोसाइड, म्हणजे तिच्यातली रेचक द्रव्यं, १९४१ मध्ये वेगळे काढले गेले. ते जसेच्या तसे फारसं काही करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचं रीन अँथ्रोन नावाचं द्रव्य बनवतात, मग काम सुरू होतं. रात्री घेतलेल्या चूर्णाचा परिणाम सकाळी दिसतो तो म्हणूनच.

नायट्रिक ऑक्साइडची गोष्ट रक्तवाहिन्यांपासून सुरू होते. वाहिनीच्या अस्तरातून तिला सैल करणारं काहीतरी निघतं, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे गाड्यांच्या धुरात असतो तोच वायू, हे १९८७ मध्ये कळलं (नोबेल १९९८ मध्ये मिळालं). १९९० मध्ये कुत्र्याच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दिसलं, की तिथल्या मज्जातंतूंचा ‘सैल हो’ हा निरोपही हाच वायू पोहोचवतो.

आता सैल करणारा वायू जुलाब कसा घडवेल? आतड्यातला ऐवज पुढे सरकायचा तर मागचा भाग आवळावा लागतो आणि पुढचा सैल पडावा लागतो, हे एक. दुसरं पाण्याचं. एरवी बेताचा नायट्रिक ऑक्साइड पाणी शोषायला मदत करतो. तो फार वाढला, की आतडंच पाणी सोडू लागतं. नेपल्सच्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांना एरंडेल दिलं आणि हा वायू तयार होणं औषधानं रोखलं. जुलाब कमी झाले. वायूचा कच्चा माल असलेलं आर्जिनीन दिल्यावर ते औषध निष्प्रभ ठरू लागलं. पुढे कोरफडीच्या वाळवलेल्या चिकावरही असेच प्रयोग झाले.

तरी सगळं श्रेय या वायूला देणं मला घाईचं वाटतं. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी-३ या ग्राहीला (प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या निरोप्या द्रव्यांचा निरोप घेणाऱ्या रेणूला) थेट चेतवतं, हे २०१२ मध्ये उंदरांवरच सिद्ध झालं. ती ग्राही नसलेल्या उंदरांत एरंडेल चाललंच नाही. सोनामुखीच्या परिणामातही प्रोस्टाग्लँडिनचा वाटा आहेच. ‘सगळे आयुर्वेदिक रेचक नायट्रिक ऑक्साइडवर चालतात’ असं कुणी म्हणालं, तर इसबगोल दाखवावं. ते नुसतं पाणी धरून फुगतं.