ब्राझिलियन लेमोनेड : सालीसकट लिंबू आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा

दुधात लिंबू पिळायचं ते पनीर करायला, एरवी नाही, हा आपल्या स्वयंपाकघराचा पक्का नियम. म्हणून आंबट आणि दाट असं काही एकत्र प्यायचं झालं की आपण पियूषकडे वळतो. तिथला आंबटपणा ताकाचा आणि श्रीखंडाचा, लिंबाचा त्यात संबंध नाही. ठाण्या-वाशीच्या कॅफेंमध्ये ब्राझिलियन लेमोनेड म्हणून जे पांढुरकं, फेसाळ सरबत मिळतं ते मात्र हा नियम मोडतं. त्यात लिंबू सालीसकट फिरवतात आणि वर कंडेन्स्ड मिल्क घालतात. घरी केलं की ते बरेचदा कडू होतं, आणि त्याचं कारण लिंबाच्या जातीपासून सुरू होतं.

कागदी लिंबू हा महाळुंग आणि फिलिपीन्सकडचं मायक्रँथा नावाचं एक रानटी फळ यांचा संकर आहे, हे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे महाळुंग. अरबांबरोबर कागदी लिंबासारखी लिंबूवर्गीय झाडं भूमध्य समुद्रापर्यंत पोचली आणि १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत त्यांच्या बिया अटलांटिकपार गेल्या. ब्राझीलमध्ये आज या सरबताला वापरतात ते ताहिती लिंबू. कागदी लिंबू आणि पिवळं लेमन यांच्या संकरातून आलेलं हे फळ आकाराने मोठं आणि बिनबियांचं असतं. आपलं लिंबू लहान, बियांनी भरलेलं आणि जास्त तिखट वासाचं. ब्राझिलियन कृती जशीच्या तशी उचलली की कडवटपणा येतो तो इथून.

डब्याची गोष्ट वेगळ्याच दिशेने येते. अमेरिकेत गेल बॉर्डन याने १८५६ मध्ये निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं पेटंट घेतलं. तिथल्या यादवी युद्धात सैन्याला हे डबे पुरवले गेले आणि धंदा उभा राहिला. १८६६ मध्ये पेज या अमेरिकन भावांनी स्वित्झर्लंडमधल्या चाम गावी अँग्लो-स्विस कंपनी काढली. १९०५ मध्ये ती नेस्लेत विलीन झाली. नेस्लेने १९२१ मध्ये ब्राझीलमधल्या अरारास इथे कारखाना सुरू केला, आणि पुढे कंडेन्स्ड मिल्क तिथल्या घराघरांत इतकं रुळलं की गोडधोड त्याशिवाय होईना. या सरबताला तिथे ‘स्विस लेमोनेड’ म्हणतात ते बहुधा या डब्यामुळेच. आपल्याकडे नेस्लेचा मोगा इथला कारखाना १९६१ चा. मिल्कमेड आणि नंतर अमूलचं मिठाईमेट यांचा डबा आपण फोडतो तो खीर, बर्फी, फार तर आइस्क्रीमसाठी. लिंबाशी त्याची गाठ आपल्याकडे पडली नव्हती.

मग दूध फाटत कसं नाही? खरं तर फाटतं. लिंबाच्या आम्लाने दुधातलं केसीन हे प्रथिन साकळतंच. पण इथे दूध थोडं, साखर भरपूर आणि सगळं बर्फगार, त्यामुळे कण फार बारीक राहतात आणि जिभेला साईसारखे लागतात. कोमट पाण्यात केलं, किंवा साधं दूध वापरलं, तर लगेच चोथा दिसतो.

चार ग्लासांसाठी चार रसदार कागदी लिंबं, ७५० मिलि अगदी गार पाणी, ८० ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, ५० ग्रॅम साखर आणि भरपूर बर्फ. चारही लिंबं सालीसकट घालू नयेत. दोन लिंबांचा नुसता रस काढायचा. उरलेली दोन कोमट पाण्यात मीठ चोळून धुवायची, दोन्ही टोकं उडवायची, चार फोडी करायच्या, मधली पांढरी दांडी आणि एकूण एक बी काढायची. या फोडी, साखर आणि निम्मं पाणी मिक्सरच्या ज्यूसच्या भांड्यात घालून एकेक सेकंदाचे तीन किंवा चार झटके द्यायचे, बस्स. आपला मिक्सर हळकुंडाचीही पूड करणारा. त्यात पाच-सहा सेकंद सलग फिरवलं की सालीखालचा पांढरा थर पिठासारखा होतो आणि सरबत प्यायच्या लायकीचं राहत नाही. सुगंध हिरव्या सालीतल्या तेलाचा असतो, तो पहिल्या झटक्यातच सुटतो.

लगेच बारीक गाळणीतून गाळायचं, चोथा चमच्याने दाबायचा नाही. मग रस, उरलेलं पाणी आणि शेवटी कंडेन्स्ड मिल्क घालून रवीने फेस येईपर्यंत घुसळायचं. चिमूटभर मीठ ब्राझीलमध्ये घालत नाहीत, पण ठाण्याच्या मे महिन्यातल्या घामाला ते हवंच.

करून ठेवायचं सरबत हे नव्हे. लिंबाच्या गरातला आणि पांढऱ्या थरातला एक बेचव घटक आम्लात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतो, त्यामुळे सकाळी गोड लागलेलं संध्याकाळी कडू लागतं. शिवाय दूध आणि पाणीही वेगळं होतं. अर्ध्या तासात संपवावं.

लिंबू नेमकं उन्हाळ्याच्याच दिवसांत महाग असतं. एप्रिल-मेमध्ये येणारी लिंबं हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची, आणि ऐन पावसाळ्याच्या शेवटी झाडाचं पाणी तोडून ताण देऊन तो बहार धरणं अवघड, म्हणून वाशीच्या बाजार समितीत आवक कमी. एप्रिल २०२२ मध्ये एका लिंबाला दहा रुपये आणि त्याहूनही जास्त मोजावे लागले होते. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात घेताना पातळ सालीची, हातात जड लागणारी, पिवळेपणाकडे झुकलेली लिंबं रसासाठी निवडावीत आणि सालीसकट फिरवायला दोन हिरवीगार, डाग नसलेली. डबा फोडल्यावर उरलेलं कंडेन्स्ड मिल्क काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवावं. आठवडाभरात दुसरा घाणा त्यातच निघतो.