मांजरावर आळ कधी आला?

आमची वहिनी डिचोलीला असते, तिसरा महिना लागला, टॉर्च टेस्टचा (पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही इन्फेक्शन्सची रक्ततपासणी) रिपोर्ट आला आणि पहिली कुऱ्हाड कोसळली ती घरातल्या मांजरीवर, मनीवर. "गरोदर बाई आणि घरात मांजर? मासळी मार्केटात सोडून या गो तिला," शेजारच्या काकी. रिपोर्टात काय होतं तर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं आयजीजी (लागण झाल्यावर रक्तात दीर्घकाळ राहणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या लागणीत दिसणारी) निगेटिव्ह, म्हणजे बहुतेक जुनं इन्फेक्शन, आणि ते गरोदरपणाच्या आधीचं असलं की बाळाला सहसा धोका नसतो, पण लाल अक्षरात पॉझिटिव्ह दिसल्यावर ऐकतं कोण.

गंमत म्हणजे या आजारात मांजराचं नाव फार उशिरा आलं. 1908 ला ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना हा परजीवी सापडला तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेन्डोरेंना सशात. नावातलं टॉक्सो म्हणजे विष नाही हां, ग्रीकमध्ये धनुष्य, कारण हा जंतू बाकदार दिसतो.

आईकडून बाळाला होतो हे कळायला अजून 30 वर्षं गेली. 1938 मध्ये न्यूयॉर्कला एक मुलगी जन्मली, तिसऱ्या दिवशी झटके सुरू, महिन्याभरात गेली, आणि तिच्या मेंदूत हा सापडला. मग 1948 ला सेबिन आणि फेल्डमननी रक्ताची टेस्ट काढली (हेच ते पोलिओच्या डोसवाले सेबिन).

तरी हा माणसात येतो कुठून ते कोडंच होतं. 1965 ला पॅरिसच्या देमोंनी टीबी सॅनेटोरियममधल्या मुलांचं रक्त बघितलं, त्यांना ताकदीसाठी अर्धंकच्चं मांस द्यायचे, आणि तिथे इन्फेक्शनचं प्रमाण प्रचंड निघालं. म्हणजे आधी पकडलं गेलं मांस! मांजराच्या विष्ठेतली अंडी नक्की झाली ती 1970 च्या सुमारास, त्यात आपले भारतात जन्मलेले डॉ. जे. पी. दुबेही होते. फ्रान्सने 1978 पासून गरोदर बायकांची तपासणी सक्तीची केली, आपल्याकडे तसं काही नाही, बऱ्याचदा गर्भपात झाला की मगच टॉर्च लिहून देतात.

मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, दोनेक आठवडे ही अंडी टाकतं आणि ती पडल्यावर लागण करण्यालायक व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मनीची वाळू दादा रोज सकाळी न चुकता बदलतो. वहिनीला बंदी आहे ती फक्त परसातली तांबडी भाजी उपटायची, मातीतही ही अंडी असू शकतात म्हणून, आणि त्यावरून ती मांजरापेक्षा जास्त चिडलीय.