गोवर नेमका कोपीवरच का पसरतो

गोवराचं नाव काढलं की आपल्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात अजून दोन उत्तरं हमखास येतात. एक, "त्यात काय, लहानपणी सगळ्यांनाच होतोय." दुसरं, "कोपीवरच्या पोरांना होतंय ते, स्वच्छता नसती ना." (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी.) पहिलं धोक्याचं आहे आणि दुसरं सरळ चुकीचं, कारण गोवर घाणीतनं येत नाही, पाण्यातनं येत नाही, डासामाशीनं तर नाहीच नाही. तो हवेतनं येतो. आजारी पोरगं खोकून खोलीतनं निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो, आणि अंगात प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं त्याच्या जवळ वावरली तर त्यातल्या नऊ जणांना तो धरतो. बंगल्यातल्या पोरालाही धरतो, लस नसेल तर.

मग कोपीवर जास्त का? इथं जरा हिशोब करूया. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक पेशंट 12 ते 18 जणांना लागण करतो, म्हणून साथ थांबवायला साधारण 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. आता समजा एका गावात 300 लहान मुलं आहेत आणि 285 जणांचं लसीकरण झालंय, म्हणजे बरोब्बर 95 टक्के, कागदावर एकदम झकास. राहिलेली 15 गावभर विखुरलेली असतील तर विषाणूला एकाकडनं दुसऱ्याकडं जायला वाटच सापडत नाही. पण तीच 15 च्या 15 साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या वस्तीवर, एकमेकांना चिकटून असलेल्या कोप्यांमध्ये राहत असतील तर? मग पाचटात काडी पडल्यासारखं होतं, आणि तालुक्याची टक्केवारी मात्र तशीच चांगली दिसत राहते. माझ्या मते गोवराचा खरा धोका या सरासरीतच दडलाय.

आता ही मुलं लसीतनं सुटतात कशी ते बघा. आईबाप लसीच्या विरोधात असतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण निम्मी गोष्ट नुसत्या कॅलेंडरची आहे. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. बीडकडनं किंवा आपल्याच जतमधनं ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला परत जातात, म्हणजे पोराचे नऊ महिने डिसेंबरात भरले तर त्याचं नाव गावाकडच्या नर्सबाईंच्या यादीत आणि पोरगं इकडं वाळव्यात. इथल्या यादीत ते नसतंच. लसीकरणाचं सत्र दिवसा, आणि नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयताच म्हणतात) पहाटेच उसाच्या फडात गेलेला, पोरगं एकतर फडाच्या बांधावर नाहीतर कोपीत थोरल्या बहिणीकडं, आणि ती बहीण म्हणजे सातआठ वर्षांची पोर. कार्ड गावाकडच्या ट्रंकेत. त्यात या लसीची अजून एक अडचण, एका बाटलीत बऱ्याच डोसांची पावडर असते आणि एकदा पाणी मिसळलं की ती चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, त्यामुळं एकट्या पोरासाठी बाटली फोडायला कर्मचारी कचरतात आणि "पुढच्या बुधवारी या" म्हणतात. पुढच्या बुधवारी टोळी दुसऱ्या गावच्या फडात. वीटभट्टीवर आणि मेंढ्यांमागं फिरणाऱ्या घरांची पण हीच गत.

बरं, पहिला डोस झाला म्हणजे सुटलो असंही नाही. नवव्या महिन्यात दिलेली लस साधारण 85 टक्के मुलांमध्येच नीट लागते, कारण आईकडनं आलेल्या अँटिबॉडी तेव्हा थोड्या शिल्लक असतात आणि त्या लसीलाच अडवतात. दोन डोसांनी हे प्रमाण 97 टक्क्यांपर्यंत जातं. दुसरा डोस म्हणजे काही ज्यादाची खबरदारी नव्हे, पहिल्यात राहिलेल्यांची भरपाई आहे, आणि नेमका तोच जास्त बुडतो.

दाटीचा अजून एक परिणाम आहे जो फार लोकांना माहीत नसतो. पीटर आबी नावाच्या डॅनिश संशोधकानं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये 1979 च्या साथीचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की बाहेरनं गोवर घरात आणणाऱ्या पहिल्या मुलापेक्षा त्याच्याकडनं घरातच लागण झालेल्या भावंडांमध्ये मृत्यू जास्त होते. त्याचं म्हणणं असं की एकाच खोलीत रात्रंदिवस राहिल्यानं दुसऱ्या पोराच्या अंगात विषाणू भरपूर जातो. कोपीचा आकार ज्यानं बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

वर कुपोषण, आणि त्यात व्हिटॅमिन ए ची कमतरता. गोवरात पोरं बहुतेक पुरळानं नाही तर न्यूमोनिया आणि जुलाबानं जातात, डोळेही जाऊ शकतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, वर्षाच्या पुढच्या मुलाला दर वेळी 2 लाख युनिट. आणि पोरगं बरं झाल्यावरही भानगड संपत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं तर इतर आजारांविरुद्धच्या त्यांच्या 11 ते 73 टक्के अँटिबॉडी गायब झालेल्या निघाल्या. म्हणजे "होऊन जातो" कसला, जाताना आधीची कमाई पण घेऊन जातो.

घरी कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर खुशाल ठेवा, त्यानं बिघडत काही नाही. पण पोराला अंधारात कोंडून "गोवर बाहेर पडू दे" म्हणत खाणंपिणं तोडणं हे मात्र वाईट. ताप, खोकला, लाल डोळे आणि तीनचार दिवसांनी कानामागनं सुरू होणारं पुरळ असं दिसलं तर उपकेंद्रात कळवायचं, आणि श्वास जोरात चालला, पोरगं सुस्त पडलं किंवा प्यायचं बंद झालं तर सरळ दवाखाना.

यात घाई का, तर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासनं पोरगं लागण करत असतं. विषाणूशी संबंध आल्यापासनं 72 तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो, पण त्याच कोपीतल्या भावंडांसाठी ती वेळ बहुतेक निघून गेलेली असते. तळाच्या पलीकडच्या टोकाला, काल-परवा दुसऱ्या फडातनं येऊन उतरलेल्या टोळीतल्या पोरांसाठी ती अजून असते, आणि त्यांची नावं-वयं कुठल्याही रजिस्टरच्या आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाला माहीत असतात. आशाताईंनी पहिला फोन त्यालाच लावावा, आणि सत्र संध्याकाळी, टोळी फडातनं परतल्यावर ठेवावं.